रोजा, रोजगार आणि स्टिअरिंग
ॲपवरच्या टॅक्सीने तरुणांना काय दिले आणि काय द्यायचे राहिले?

'रोजा' आणि 'रोजगार' हे दोन्ही शब्द फारसीतल्या 'रोज' म्हणजे दिवस या एकाच शब्दातून आले आहेत. एक दिवसभराचा उपवास, दुसरा दिवसाची कमाई. रमजानच्या महिन्यात या दोहोंचा मेळ घालण्याची कसरत अनेकांना करावी लागते. निलंगा, औसा, देवणी, शिरूर अनंतपाळ या भागांतून पुण्या-मुंबईला जाऊन ओला, उबरच्या गाड्या चालवणारे तरुणही त्यात आले. त्यांच्यात रोजेदार आहेत, तसे एकादशी करणारेही आहेत. गावाकडे या कामाबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. 'स्वतःच्या मर्जीचा धंदा आहे, नोकरीपेक्षा बरा' हे एक, आणि 'बँकेच्या हप्त्यासाठी राबायचे, दुसरे काय' हे दुसरे. दोन्ही मतांत तथ्य आहे. म्हणून हिशेब नीट मांडून पाहायला हवा.

गाव का सुटते, हे निलंगेकरांना सांगायला नको. शेती कोरडवाहू, सोयाबीनचा भाव बेभरवशाचा आणि भावाभावांत वाटण्या होऊन जमीन एकरांवरून गुंठ्यांवर आलेली. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या दुष्काळाने अनेक घरांतला एखादा मुलगा कायमचा शहरात गेला. शिक्षण बारावी किंवा बीए, हातात चारचाकीचा परवाना. अशा तरुणासाठी ॲपवरची टॅक्सी हे सर्वांत लवकर उघडणारे दार ठरले.

या दाराचा पहिला फायदा म्हणजे इथे वशिला लागत नाही. मुलाखत नाही, 'कुणाचा माणूस' ही विचारणा नाही. कागदपत्रे, चारित्र्य पडताळणी आणि गाडी ठीक असली की काम सुरू. परवान्याची अडचणही न्यायालयाने कमी केली. साडेसात हजार किलोपर्यंतच्या हलक्या वाहनाचा परवाना असणाऱ्याला तशी प्रवासी गाडी चालवण्यासाठी वेगळ्या शेऱ्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये म्हटले आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

दुसरा फायदा पैशाचा. पगारासाठी महिनाभर थांबावे लागत नाही. ग्राहकाने रोख दिले तर लगेच, नाही तर थोड्याच दिवसांत रक्कम खात्यावर येते. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही इस्लामची शिकवण सर्वश्रुत आहे. आपल्याकडच्या कष्टकऱ्यालाही तेच हवे असते. उधारी बुडण्याची भीती कमी आणि भाड्यावरून घासाघीस नाही, ही या धंद्याची मोठी सोय आहे. शिवाय प्रत्येक फेरीची नोंद राहते. हा लेखी हिशेब पुढे कर्ज घेताना उपयोगी पडू शकतो. काळी-पिवळी जीप चालवणाऱ्या वडिलांकडे असा कागद कधीच नव्हता.

तिसरा फायदा वेळेचा, आणि रमजानमध्ये तो सर्वांत ठळक दिसतो. कारखान्यातल्या कामगाराला मगरिबच्या अजानच्या वेळी शिफ्ट सोडता येत नाही. टॅक्सीचालक मात्र ॲप बंद करून, रस्त्याच्या कडेला गाडी लावून, खजूर आणि पाण्याने रोजा सोडू शकतो. दुपारी उन्हाच्या वेळी विश्रांती घेऊन रात्री तरावीहच्या नमाजनंतर पुन्हा काम सुरू करणेही जमते. हीच मोकळीक आषाढीला वारीत चालणाऱ्याला मिळते आणि सोयाबीनच्या काढणीसाठी पंधरा दिवस गावी येणाऱ्यालाही. रजेचा अर्ज नाही, साहेबाची नाराजी नाही.

पण ही मोकळीक फुकट नाही, तिची किंमत चालकच मोजतो. एक अंदाजी उदाहरण घेऊ. दिवसभरात २,५०० रुपयांचे भाडे झाले आणि कंपनीने त्यातले २० टक्के घेतले, तर चालकाकडे २,००० उरतात. रिकाम्या फेऱ्या धरून गाडी १५० किलोमीटर धावली, किलोला २० किलोमीटर पडले आणि सीएनजी ९० रुपये किलो धरला, तर इंधनाचे ६७५ गेले. उरले १,३२५. गाडीचा हप्ता १३,००० रुपये असेल तर २६ दिवसांत विभागून रोजचे ५००. विमा, टायर, सर्व्हिसिंग यांसाठी रोज २०० बाजूला काढले, तर हाती राहतात ६२५. महिन्याचे झाले १६,२५०. बारा तास काम धरले तर तासाला साधारण ५२ रुपये. यातूनच पुण्यातल्या खोलीचे भाडे, खाणे आणि गावाकडे पाठवायचे पैसे. शिवाय ज्या दिवशी गाडी उभी, त्या दिवशी कमाई शून्य, हप्ता मात्र चालूच. 'रोज अडीच हजारांचा धंदा' हे ऐकून गाडी घेणारा इथेच फसतो. रमजानमध्ये तास कमी केले की हे गणित आणखी ताणले जाते. मग काहीजण झोप तोडतात. पहाटे सहेरीला उठायचे, दिवसा गाडी, रात्री नमाज आणि पुन्हा गाडी. स्टिअरिंगवर डुलकी लागली तर धोका चालकाला, तसाच मागे बसलेल्या प्रवाशालाही असतो. वेळेची मालकी आपली असण्याचा अर्थ थकल्यावर थांबता येणे हाही आहे.

आणखी एक मुद्दा नाजूक, पण टाळण्याजोगा नाही. ग्राहकाने मागणी नोंदवली की जवळचा चालक शोधताना ॲप त्याची जात-धर्म विचारत नाही. ज्यांना शहरात भाड्याची खोली मिळवतानाही नाव सांगायची धास्ती वाटते, त्यांच्यासाठी ही छोटी गोष्ट नाही. मात्र पुढच्याच क्षणी चालकाचे नाव ग्राहकाच्या फोनवर दिसते. २०१८च्या एप्रिलमध्ये लखनऊमधल्या एका प्रवाशाने चालक मुस्लिम आहे म्हणून गाडी रद्द केल्याचे समाजमाध्यमावर जाहीरपणे लिहिले होते. ओलाने तेव्हा आपण असा भेद मानत नसल्याचे सांगितले. असे प्रवासी असतात, तसेच उपवास सोडायची वेळ झाली हे ओळखून 'भाऊ, आधी पाणी घ्या' म्हणणारेही असतात. एका गाडीत अनोळखी माणसे शेजारी बसून अर्धा तास बोलतात, हे आजच्या काळात कमी मोलाचे नाही.

कायदा हळूहळू चालकाच्या बाजूने येतो आहे. केंद्राच्या २०२० आणि नंतर जुलै २०२५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्वतःची गाडी असलेल्या चालकाला भाड्याचा किमान ८० टक्के वाटा मिळायला हवा. किमान ५ लाखांचा आरोग्य विमा आणि १० लाखांचा मुदत विमा द्यावा, असेही त्यात आहे. पण प्रत्यक्षात हाती काय पडते, यावरूनच वाद आहे. योग्य दर मिळावेत यासाठी जुलै २०२५मध्ये मुंबई-पुण्यातल्या चालकांनी संप केला होता. २१ नोव्हेंबर २०२५पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या सुरक्षा निधीत भरण्याची तरतूद तिच्यात आहे. नीती आयोगाच्या २०२२च्या अहवालानुसार देशात असे ७७ लाख कामगार २०२०-२१मध्ये होते आणि २०२९-३०पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील. एवढ्या माणसांना नुसते 'भागीदार' म्हणून भागणार नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तर २०२१मध्येच उबरच्या चालकांना कामगाराचे हक्क लागू होतात, असा निकाल दिला आहे.

निलंग्यात राहूनच हे काम होईल का? इथे ॲपपेक्षा ओळखीवर गाडी ठरते. लातूरला दवाखान्यात जाणारा रुग्ण, शिकवणीसाठी सोडायची मुले, लग्नसराई, बिदर किंवा हैदराबादची फेरी असे भाडे फोनवरच मिळते. राज्याने २०२५मध्ये मान्य केलेली ई-बाईक टॅक्सी एक लाखावर लोकसंख्येच्या शहरांसाठी आहे, म्हणजे निलंगा सध्या त्यात बसत नाही. मात्र केंद्राने २०२५मध्ये जाहीर केलेली सहकारी टॅक्सीची कल्पना इथल्या मातीला परकी नाही. साखर आणि दूध सहकारातून उभे करणाऱ्या महाराष्ट्रात तालुक्यातले पन्नास चालक एकत्र येऊन सामायिक फोन नंबर, ठरलेले दर आणि आळीपाळीने फेऱ्या एवढे नक्की करू शकतात. त्यासाठी मोठ्या कंपनीची वाट पाहायचे कारण नाही.

तोवर शहरात जाणाऱ्याने काही पथ्ये पाळलेली बरी. आधी सहा महिने दुसऱ्याची गाडी चालवून रस्ते आणि कमाई समजून घ्यावी. प्रोत्साहन रक्कम कधीही बंद होते, म्हणून ती धरून हप्ता ठरवू नये. ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करावी, कारण २०२५च्या अर्थसंकल्पात ॲप कामगारांना आयुष्मान भारतचे कवच देण्याची घोषणा या नोंदणीशी जोडलेली आहे. विमा कुणाचा, किती, कधीपर्यंत, हे लेखी विचारावे.

ॲपवरच्या टॅक्सीने वशिल्याविना काम, रोजचा पैसा आणि स्वतःचा वेळ दिला. आजारपणाची, अपघाताची आणि म्हातारपणाची सोय मात्र अजून कागदावरच जास्त आहे. तीही हातात पडली, तर रोजा सोडायला गाडी थांबवणाऱ्या चालकाला त्या दहा मिनिटांत बुडालेल्या भाड्याचा हिशेब करावा लागणार नाही.