चित्र आणि तबकडी यांची ताटातूट होऊ देऊ नका

वॉर्नर ब्रदर्सच्या चित्रपटसंग्रहाचे व्यवस्थापक आणि वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधील चित्रपट विभागाचे अधिकारी यांस,



जुलै १९२८ मध्ये आलेला ‘लाइट्स ऑफ न्यूयॉर्क’ हा पूर्ण लांबीचा, आरंभापासून अखेरपर्यंत संवाद असलेला पहिला बोलपट. दिग्दर्शक ब्रायन फॉय यांना परवानगी होती दोन रिळांच्या लघुपटाची. त्यांनी तो ५७ मिनिटांपर्यंत वाढवला. दारूबंदीच्या काळातला ब्रॉडवे, चोरट्या दारूचे धंदेवाले, त्यांच्या जाळ्यात सापडलेले दोन न्हावी आणि एक खून. पुढच्या अमेरिकन गुन्हेपटांचे भांडवल इथेच बोलू लागले.

आज प्रेक्षक त्याला हसतात. नट लपवलेल्या मायक्रोफोनभोवती जमतात आणि एकेक शब्द सुटा उच्चारतात; कॅमेरा जागचा हलत नाही. पण हे अवघडलेपणच मोलाचे आहे. सिनेमा बोलायला कसा शिकला, याचा तो पुरावा आहे.

हा पुरावा दोन ठिकाणी विभागलेला होता: चित्र फितीवर, आवाज व्हिटाफोन या ध्वनियंत्रणेच्या १६ इंची तबकडीवर. एका रिळाला एक तबकडी, साधारण अकरा मिनिटांची, आणि वीसेक वेळा वाजवून ती बाद करायची. फीत तुटून चौकटी गेल्या की ओठ आणि शब्द जुळेनासे होत. वॉर्नर ब्रदर्सचाच त्याच वर्षीचा ‘द टेरर’ हा बोलपट आज पाहता येत नाही. त्याचे चित्रच हरवले आहे.

म्हणून तीन विनंत्या. तुमच्याकडील सर्वोत्तम फीत आणि तबकड्या यांवरून नवी प्रत करा, आणि कोणता भाग कुठून घेतला ते जाहीर नोंदवा. तबकडीची खरखर पुसताना नटांचा आवाज पुसू नका. १ जानेवारी २०२४ पासून अमेरिकेत या चित्रपटाचा स्वामित्वहक्क संपला आहे. तेव्हा ती प्रत उपशीर्षकांसह सर्वांना मोफत पाहू द्या.

हे एक मराठी प्रेक्षक लिहितो आहे, त्याला कारण आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला ‘आलम आरा’ हा आमच्या देशाचा पहिला बोलपट. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. आमच्याकडे मागण्यासारखे काही उरलेच नाही. तुमच्याकडे आहे, म्हणून मागतो.

आपला,
एक बोलपटप्रेमी