गड वर, घेरा खाली

रायगडावर जाणाऱ्या कुटुंबाचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. पहाटे निघायचे, हिरकणीवाडीला रोपवेच्या रांगेत उभे राहायचे, काही मिनिटांत वर पोचायचे. राजसदर, होळीचा माळ, जगदीश्वर, महाराजांची समाधी. मग पिठलं-भाकरी आणि परत. १९९६ साली रोपवे सुरू झाला आणि आजी-आजोबांनाही गड पाहता आला, हे चांगलेच झाले. पण याच गडाला खालून, रानातून प्रदक्षिणाही घालता येते. ती घातलेला माणूस गडाविषयी वेगळे बोलू लागतो.

चित् दरवाजाकडून निघावे. गड उजव्या हाताला ठेवून टकमक टोकाच्या कड्याखालून रायगडवाडीच्या बाजूने पुढे जावे, भवानी टोकाला वळसा घालावा आणि काळकाईची खिंड चढून हिरकणीवाडीला उतरावे. वाट चौदा-पंधरा किलोमीटरची, म्हणजे पूर्ण दिवसाची. वर गेल्यावर गड म्हणजे वाडे, तलाव आणि चौथरे. खालून तो दिसतो उभा कातळ, त्याखाली दाट झाडी आणि त्या झाडीत विखुरलेल्या वाड्या.

या पट्ट्याला जुना शब्द आहे : घेरा. गडाखालच्या चौक्या, मेटे आणि त्यांची राखण करणाऱ्या वस्त्या याच घेऱ्यात असत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे १७१५ च्या सुमारास, गडाभोवतीचे रान जपून वाढवावे, त्यातली काठीही तोडू देऊ नये, अशी ताकीद आहे. कारणही दिले आहे : अडचणीच्या वेळी त्या झाडीत बंदूकधारी शिपाई ठेवता येतात. तटबंदी संपते तिथे गड संपत नाही, हे त्या मुत्सद्द्याला पक्के ठाऊक होते. ते शत्रूलाही ठाऊक होते. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी शेजारच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या. गडावरची घरे-वाडे आगीत गेले आणि बुलंद कडे जागच्या जागी असतानाही रायगड पडला.

हा इतिहास आज आठवायचे कारण आहे. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत रायगडासह बारा किल्ल्यांचा समावेश झाला. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. पेढे वाटले गेले, फलक लागले. त्या गडबडीत एक गोष्ट नजरेतून सुटली. नोंदीचे नाव ‘मराठ्यांचे किल्ले’ असे नाही, ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ असे आहे. मान मिळाला तो नुसत्या दगडी बांधकामाला नव्हे. डोंगर, दरी आणि रान यांचा लढाईसाठी ज्या हुशारीने उपयोग केला गेला, त्या हुशारीला.

मग आपले लक्ष कुठे असते? वर. उत्खनन, डागडुजी, पायऱ्या, दिवे हे सारे हवेच. पण जुलै २०२४ मध्ये मुसळधार पावसात गडाच्या पायऱ्यांवरून पाण्याचे लोट धावले आणि पर्यटक अडकून पडले, ते दृश्य अनेकांनी पाहिले. त्याआधी २२ जुलै २०२१ रोजी याच महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. अशा आपत्तींची कारणे अनेक असतात. परंतु या उतारावर पाणी अडवते आणि माती धरून ठेवते ते रानच. उन्हाळ्यातल्या वणव्यात ते जळाले, तर पावसाळ्यात त्याची किंमत आधी वाडीवाला मोजतो, गड नंतर.

रान राखायचे तर राखणारे हवेत. घेऱ्यातल्या तरुणाला मुंबई-पुण्याची वाट धरण्यावाचून गत्यंतर नसेल, तर वणवा विझवायला धावणार कोण? पूर्वी राज्य या माणसांना राखणीचा मोबदला देत असे. आज तो पर्यटनातून देता येईल. वाटाड्या गावातला, जेवण वाडीतल्या घरचे, वणव्यावर नजर ठेवणाऱ्यांना हंगामभर मजुरी. जागतिक मानातून येणाऱ्या पैशाचा एक वाटा असा खाली उतरला पाहिजे.

आपणही थोडे करू शकतो. पाऊस सरल्यावर, थंडीच्या दिवसांत मुलांना एकदा या वाटेवर न्यावे. सोबत गावातला माणूस घ्यावा आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. दमलेली मुले संध्याकाळी मान वर करून गडाकडे पाहतील, तेव्हा तो कशाच्या आधारावर उभा आहे हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.