खजुराची बी आणि पावसाचा नकाशा

इफ्तारीनंतर उरलेल्या खजुराच्या बिया मुले अंगणात पुरतात. रोप उगवते, झाडही होते. मग घरची वडीलधारी मंडळी आम्हाला विचारतात, ‘‘आपल्या हिंगोलीचे ऊन काय अरबस्तानापेक्षा कमी आहे? मग खजूर का पिकत नाही?’’

ऊन पुरेसे आहे. घोडे अडते ते पावसाच्या वेळेवर. मदीना किंवा बसऱ्याला जो थोडा पाऊस पडतो तो बहुतेक थंडीत. उन्हाळा कोरडा जातो आणि त्या कोरड्या उन्हात घड पिकतात. आपल्याकडे फळात गोडी भरायच्या सुमारासच मृगाचा पाऊस येतो. फळ तडकते, आंबते. कच्छमध्येही हीच अडचण, म्हणून तिथले शेतकरी फळ कडक असतानाच घड उतरवतात. पावसाळ्याच्या तोंडाशी बाजारात दिसणारी पिवळी-लाल ओली खारीक ती हीच. शिवाय बीपासून आलेल्या झाडांत साधारण निम्मी नर निघतात आणि ते कळेपर्यंत काही वर्षे जातात. मुलांनी हौसेने बी जरूर लावावी. कर्ज काढून खजुराची बाग लावू पाहणाऱ्याने मात्र आधी पावसाचे महिने मोजावेत. खजुराची भाऊबंद शिंदी आपल्या ओढ्याकाठी कोणी न लावताच वाढते, ती गोष्ट वेगळी.

जुन्या मुस्लिम भूगोलज्ञांनी जगाचे सात पट्टे केले होते. एकेका पट्ट्याला ‘इक्लीम’ म्हणत. उर्दूतील ‘हफ्त इक्लीम’ ते हेच. इंग्रजीतला ‘क्लायमेट’ याच ग्रीक मुळाचा. अल-इद्रीसी यांनी 1154 साली सिसिलीचा राजा रॉजर याच्यासाठी केलेला नकाशा या सात पट्ट्यांवरच बेतलेला होता. पण हे पट्टे विषुववृत्तापासूनच्या अंतराचे. मक्का आणि हिंगोली यांच्या अक्षांशांत दोन अंशांचाही फरक नाही, तरी झाडे किती वेगळी! पुढे 1900 साली कोपेन यांनी उष्णतेबरोबर पाऊसही धरला आणि हवामानाच्या सीमा आखताना वनस्पतींनाच साक्षीला घेतले. आपल्या महाराष्ट्राचेही शेतीसाठी 9 हवामान विभाग केले आहेत. आपण ‘निश्चित पावसाच्या’ विभागात येतो, वर्षाला साधारण 700 ते 900 मिलिमीटर. ‘निश्चित’ हा शब्द वाचून आमचे शेतकरी हसतात, ते सोडा.

सूरह रअदच्या चौथ्या आयतीत लगतच्या जमिनींचा आणि एकाच पाण्यावरच्या फळांतील फरकाचा उल्लेख आहे. आपल्या जिल्ह्यातच पाहा. औंढा-कळमनुरीच्या डोंगरांवर साग आणि पळस. साग उन्हाळ्यात पाने गाळून पाण्याशिवाय महिने काढतो. खाली वसमतकडे हळद. 2024 साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. हळद जमिनीत आठ-नऊ महिने राहते आणि आपला पाऊस चारच महिन्यांचा. उरलेले महिने ती विहिरींवर आणि पूर्णेच्या कालव्यावर काढते. म्हणजे हळदीची रेघ निम्मी आभाळाने आखली, निम्मी येलदरी-सिद्धेश्वरच्या पाण्याने. धरण भरले नाही की ती रेघ त्या वर्षी आत सरकते.