शत्रूविना सेना

ज्या राज्यास चोहों बाजूंनीं एकाच बलाढ्य राष्ट्राचा वेढा आहे, त्यानें सेना बाळगावी ती कोणाशीं लढण्यासाठीं? 'स्वातंत्र्याच्या रक्षणासाठीं', असें लेसोथोच्या सैन्याचे कैवारी सांगतात. दक्षिण आफ्रिकेच्या पोटांत वसलेल्या या चिमुकल्या राज्याचा इतिहास मात्र निराळीच साक्ष देतो. १९८६ सालीं सैन्यानें सरकार उलथून पाडलें. १९९० त राजे दुसरे मोश्वेश्वे यांस पदच्युत केलें. १९९१ त आपल्याच सेनापतीस सत्तेवरून खालीं ओढलें. १९९८ त परकी फौज राजधानी मासेरूंत शिरली, तिला पाचारण करण्याचें एक कारण याच सैन्यांतील बंडाळी हें होतें! २०१७ त सेनापति मोत्सोमोत्सो यांचा बळी घेतला, तोहि त्यांच्याच अधिकाऱ्यांनीं.

दोष पुढाऱ्यांचा आहे, असा बचाव केला जातो. तो सर्वस्वीं खोटा नाहीं. निवडणूक हातची जात आहे असें दिसतांच १९७० सालीं लियाबुआ जोनाथन यांनीं सशस्त्र पोलिसांच्या बळावर सत्ता दाबून ठेवलीच होती. परंतु ज्याच्या त्याच्या हातीं लागणारें शस्त्र घरांत ठेवावेंच कां? राज्याचे संस्थापक पहिले मोश्वेश्वे यांनींहि बोअरांपासून देश अखेर वाचविला तो १८६८ सालीं ब्रिटिशांचें संरक्षण मिळवून, म्हणजे मुत्सद्देगिरीनें. सीमेवरील गुरेंचोरांस आवरण्यास पोलीस पुरेत. सैन्य मोडावें, हाच आमचा स्पष्ट अभिप्राय.