आधी व्यायाम, मग शस्त्रक्रिया

सत्तर वर्षे व त्यापुढील ज्येष्ठांना कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे आरोग्यकवच देणाऱ्या आयुष्मान भारत योजनेने संधिवाताच्या रुग्णांना देखरेखीखालील व्यायामही मोफत द्यावा, अशी आमची ठाम भूमिका आहे.

हे कवच रुग्णालयात दाखल झाल्यावरच मिळते. बाह्यरुग्ण फिजिओथेरपीचा खर्च रुग्णाच्याच माथी राहतो. परिणामी, मार्गदर्शनाअभावी दुखण्याच्या धास्तीने ज्येष्ठ चालणे-फिरणे सोडतात. मग मांडीचे स्नायू दुबळे होतात, गुडघ्यावरचा भार वाढतो आणि दुखणे आणखी बळावते.

खुर्चीत बसून पाय सरळ करावा, पाच सेकंद तसाच धरावा आणि सावकाश खाली आणावा. इतक्या साध्या हालचालीनेही मांडीला बळ येते. पण ती किती वेळा करावी, हे कोणीतरी शिकवायला हवे. व्यायामामुळे वाढलेली ठणक दुसऱ्या दिवशीही कायम राहिली तर प्रमाण कमी करावे, सांधा सुजून गरम झाला तर थांबून डॉक्टरांना दाखवावे, हेही सांगायला हवे. डेन्मार्कने २०१३ पासून गुडघा आणि खुब्याच्या रुग्णांसाठी सहा आठवड्यांत बारा सत्रांचा असाच कार्यक्रम राबवला आहे.

आपल्याकडेही केंद्र आणि राज्य सरकारने प्रत्येक आयुष्मान आरोग्य मंदिरात आठवड्यातून किमान दोन दिवस फिजिओथेरपिस्ट उपलब्ध करून द्यावा. अन्यथा ज्यांचे दुखणे व्यायामाने आटोक्यात आले असते, तेही शस्त्रक्रियेच्या रांगेत उभे राहतील आणि ज्यांना तिची खरी निकड आहे, ते मागे पडतील.