भिंतीवरचा निवाडा

मार्गशीर्षात जतला श्री यल्लमादेवीची यात्रा भरते. खिलार जनावरांच्या बाजाराबरोबर पेठही गजबजते आणि मराठी व कानडी अशा दोन्ही भाषांत भाव ठरू लागतात. या गर्दीत एखादी साडी किंवा तुपाचा डबा नकळत नाहीसा होणे व्यापाऱ्यांना नवे नाही. नवा आहे तो त्यावर सुचणारा उपाय. सीसीटीव्हीत टिपलेला चेहरा मोठा करून छापायचा आणि ‘या चोरापासून सावध!’ असा फलक दुकानाच्या दाराशी लावायचा, हा मोह आता लहान गावांतही होऊ लागला आहे.

दुकानदाराची व्यथा खोटी नव्हे. दुष्काळी तालुक्यातला व्यापार हा उधारीवर आणि पावसाच्या भरवशावर चालतो. त्यात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनुसार पाच हजार रुपयांहून कमी किमतीची चोरी अदखलपात्र ठरली आहे. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही. मग पोलीस ठाण्याची पायरी चढून उपयोग काय, असा प्रश्न व्यापाऱ्याला पडला तर त्यात आश्चर्य नाही.

परंतु त्याच संहितेचे कलम ३०३ आणखीही काही सांगते. एवढ्या किमतीच्या चोरीत प्रथमच दोषी ठरलेल्या व्यक्तीने वस्तू अथवा तिचे मूल्य परत केल्यास तिला तुरुंग नव्हे, तर समाजसेवेची शिक्षा द्यावी, असे त्यात म्हटले आहे. चुकलेल्याला सुधारण्याची वाट संसदेने मोकळी ठेवली. भिंतीवरच्या शिक्षेला मात्र ना मुदत, ना अपील. न्यायालयात दोष सिद्ध झाल्यावरही जी शिक्षा मिळाली नसती, ती येथे केवळ संशयावरून मिळते!

कायद्याच्या दृष्टीनेही हा मार्ग निसरडा आहे. चित्राद्वारे केलेली बदनामी हीसुद्धा बदनामीच, असे कलम ३५६ सांगते. तिला दोन वर्षांपर्यंत साध्या कारावासाची तरतूद आहे. सत्य आणि लोकहित, किंवा स्वतःच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेले विधान, असे अपवाद आहेत खरे. पण ते सिद्ध करण्याचा भार फलक लावणाऱ्यावरच पडतो. चेहरा अल्पवयीन मुलाचा असेल तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम ७४ आड येते. केरळमधील एका सहकारी संस्थेने थकबाकीदारांची नावे व छायाचित्रे फलकावर झळकवली होती. डिसेंबर २०२४ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने हा प्रकार प्रतिष्ठेने जगण्याच्या हक्काला बाधक ठरवला. थकबाकीची निदान वहीत नोंद असते. संशयाची नोंद कोठे असते?

याहून गंभीर प्रश्न समाजाचा आहे. संशय सर्वांवर सारखा पडत नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा करून अनेक जातिजमातींच्या कपाळी जन्मतःच चोरीचा शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. पण पारधी बांधवांवरील संशयाची नजर काही रद्द झाली नाही. तो शिक्का पुसण्यासाठी गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यमगरवाडीत मुलांच्या हाती पाटी-पुस्तके दिली. त्या मुलांपैकी एखादा उद्या दुकानात आला आणि अस्पष्ट चित्रावरून त्याचाच चेहरा भिंतीवर लागला, तर कित्येक वर्षांची ती तपश्चर्या एका कागदाने वाया जाईल.

मग व्यापाऱ्याने हात बांधून बसावे काय? मुळीच नाही. चित्रण जपून ठेवावे, लेखी तक्रार द्यावी, तिची पोच घ्यावी. ‘येथे सीसीटीव्ही सुरू आहे’ ही पाटी जरूर लावावी. यात्रेच्या दिवसांत व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन पोलिसांकडे पेठेतील बंदोबस्त मागावा. किरकोळ चोरीच्या तक्रारींचा लवकर निपटारा व्हावा, ही मागणीही त्यांनी संघटितपणे लावून धरावी. ती सर्वथा न्याय्य आहे.

आपल्या गावांत पतीची आणि पतीच्या जोरावर चालणाऱ्या उधारीची परंपरा मोठी आहे. गेलेली साडी पुन्हा विणता येते. चव्हाट्यावर गेलेली अब्रू मात्र, माणूस निर्दोष ठरला तरी, परत येत नाही. दुकानाच्या दारावर तोरण शोभते, निवाडा नव्हे.