शेजारी कोण बसलंय?

गेल्या शनिवारी बेसमेंट आवरताना डीव्हीडींचा एक जुना खोका हाती लागला. वर नाव, 'द इलेक्ट्रिक कंपनी'. नावावरून वीज मंडळाची फिल्म वाटेल, पण हा अमेरिकेतला लहान मुलांचा जुना टीव्ही कार्यक्रम. घरात आता डीव्हीडी प्लेयर नाही, त्यामुळे खोका टाकायलाच काढला होता. पण टाकवेना. का, ते सांगतो.

२००७ची गोष्ट. लेक दुसरीत होती आणि वाचनात मागे पडत होती. शाळेतून चिठ्ठी आली. मी पडलो इंजिनियर. म्हटलं, प्रॉब्लेम आहे ना, मग सोल्यूशन असणारच. माझं सोल्यूशन म्हणजे आमच्या सरांचंच. चुकलेलं स्पेलिंग दहा वेळा लिही! आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं. तोवर बाराखडी इतकी अंगात भिनलेली असायची की अक्षर दिसलं की आवाज आपोआप तोंडात यायचा. वाचायला शिकणं इतकं अवघड असू शकतं, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. दहा-दहा वेळा लिहून पोरगी एका संध्याकाळी म्हणाली, "बाबा, मी डम्ब आहे का?" पोटात गोळा आला.

लायब्ररीतल्या बाईंनी या कार्यक्रमाचं नाव सुचवलं. मी सवयीप्रमाणे आधी त्याचं डिझाइन तपासलं आणि थक्क झालो.

'सेसमी स्ट्रीट' काढणाऱ्या चिल्ड्रन्स टेलिव्हिजन वर्कशॉपचाच हा कार्यक्रम. १९७१ ते १९७७, सहा सीझन, ७८० भाग. प्रेक्षक ठरवून घेतलेला: सात ते दहा वर्षांची, वाचनात अडखळणारी मुलं. नाच, गाणी, चुटके, कार्टून, सगळी नुसती धमाल. रीटा मोरेनोची ती प्रसिद्ध आरोळी याच कार्यक्रमातली. मॉर्गन फ्रीमन त्यात 'ईझी रीडर' व्हायचा, म्हणजे दिसेल ते वाचत सुटणारा माणूस. १९७४पासून स्पायडरमॅनही आला, पण हा तोंडाने बोलायचाच नाही! त्याचं सगळं बोलणं फुग्यात लिहिलेलं. कळून घ्यायचं असेल तर वाचा.

मला सगळ्यात आवडल्या त्या काळ्या सावल्या. दोन चेहरे समोरासमोर. एकाच्या तोंडातून शब्दाचा पहिला तुकडा बाहेर येतो, दुसऱ्याच्या तोंडातून उरलेला, मग दोन्ही मध्ये येऊन जुळतात आणि अख्खा शब्द तयार. टॉम लेहरर या गणिताच्या मास्तराने (हे गृहस्थ २०२५ साली गेले) मुक्या 'ई'वर गाणं लिहिलं होतं. टी-ए-पी म्हणजे टॅप, पण शेवटी 'ई' येऊन बसली की टेप. ती स्वतः मात्र मूग गिळून गप्प! हा नियम मला पाचवीत कुणी सांगितला नव्हता.

टेस्टिंग तर असं, की आमच्या टीमला लाज वाटावी. या संस्थेचे संशोधक मुलांना टीव्हीसमोर बसवत आणि बाजूलाच दुसऱ्या पडद्यावर स्लाइड बदलत ठेवत. मूल कुठल्या क्षणी टीव्हीवरून नजर हटवतं, त्याची नोंद. नजर हटली की तो भाग सुधारायचा.

तर असा हा कार्यक्रम लावून दिला आणि मी लॅपटॉप घेऊन दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो. तीन आठवड्यांनी लेकीला आरोळी पाठ, गाणी पाठ. वाचन होतं तिथेच.

मग त्याच्या मूल्यमापनाबद्दल वाचलं, जे आधी वाचायला हवं होतं. एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या बाहेरच्या संस्थेने ते केलं होतं, १९७३ साली. निष्कर्ष असा: ज्या मुलांनी शाळेत, वर्गात कार्यक्रम पाहिला त्यांचं वाचन सुधारलं. घरी पाहणाऱ्यांत तसा फरक फारसा दिसला नाही. कार्यक्रम तोच. मग फरक कशाचा? माझ्या मते, वर्गात शेजारी बाई होत्या.

दुसऱ्या दिवसापासून मी शेजारी बसायला लागलो. सावल्यांचे तुकडे जुळायच्या आधी पॉज. "आता काय होईल गं?" ती चुकायची, मीही मुद्दाम चुकायचो, मग ती मला सुधारायची. काही महिन्यांनी एक दिवस तिनेच माझ्या हातातला रिमोट काढून घेतला. म्हणाली, "बाबा, तू मध्ये मध्ये थांबवू नकोस ना, मला येतंय." ती एरवीही शिकली असती का? असेलही. एका मुलीवरून सिद्धांत मांडू नये, एवढं मलाही कळतं.

पण मत मांडायला काय हरकत आहे? 'मुलांना स्क्रीन किती वेळ द्यावा' हा प्रश्नच अर्धा आहे. आजची ॲप्ससुद्धा मुलाची नजर मोजतात, त्या संशोधकांपेक्षा कितीतरी बारकाईने. फरक इतकाच की त्यांच्यासाठी नजर ही पहिली पायरी होती, आणि पुढे 'मूल शिकलं का?' हे मोजायला त्यांनी बाहेरच्या माणसांना घरात घेतलं. अनेक ॲप्सचा हिशेब नजरेपाशीच संपतो.

आता कुणी म्हणेल, दोन-दोन नोकऱ्या करणाऱ्या आईबापांनी शेजारी बसायचं कधी? अगदी बरोबर. म्हणूनच तो वर्गाचा आकडा मोलाचा. शेजारी बसणारं माणूस आई-बापच हवं असं नाही, पण माणूस हवं. २०२०च्या टाळेबंदीत आपल्याकडे शाळा मोबाइलवर भरल्या, तेव्हा नाइलाज होता. पण कुणी 'टॅबलेट दिले, आता शिक्षक कमी चालतील' म्हणायला लागलं, तर ७८० भागांचा हा अनुभव त्याला जरूर ऐकवावा. इतकी मेहनत घेतलेला कार्यक्रमसुद्धा एकट्याने पुरला नाही.

असो. लेकीला फोन करून विचारलं, खोका टाकू का? म्हणाली, "टाकू नकोस. आणि बाबा, रिमोट मीच घेतला होता, हे लक्षात आहे ना?"

आहे गं बाई.